वादळाला मूव्हमेंट ऑर्डर नसते

चक्रीवादळ हा पिंपरी-चिंचवडचा विषयच नव्हे. वादळं ओडिशाला येतात, आंध्राला येतात, अरबी समुद्रात उठलीच तर कोकणाकडे एकदा डोळे वटारून गुजरातला नाहीतर ओमानला निघून जातात, आणि आपण ती टीव्हीवर बघत कांदाभजी खायची, अशी जुनी वाटणी आहे. आमच्या वाट्याला नाशिक फाट्यावरची कोंडी, पवनेतली जलपर्णी आणि चाकणच्या तळेगाव चौकात आडवा झालेला कंटेनर. एवढ्यात आमचं भागतं. शिवाय समुद्र आणि आम्ही यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. दर पावसाळ्यात लोणावळ्याला जाऊन त्याची विचारपूस करतो, ती काय उगाच?

त्यामुळे २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' नावाचं चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढून, घाट ओलांडून मावळ-खेडवरून पुढे नाशिककडे जाणार, असं कळलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया भीतीची नव्हती, हद्दीची होती. "अहो, पण आपण पीएमआरडीएत, म्हणजे महानगर प्राधिकरणात, येतो ना?" असं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं. नावही बांगलादेशाने दिलेलं. तेरा देशांनी मिळून त्याच एप्रिलमध्ये १६९ नावांची नवी यादी केली होती, तिच्यातलं हे पहिलंच. आता आमच्या भागात निसर्ग नावाच्या इमारती इतक्या आहेत की 'निसर्ग तीन तारखेला दुपारी येतंय' हे वाचून एका काकांनी पझेशन कधी मिळणार, असं विचारलं.

शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ मध्ये ते कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. ज्या ऑफिसचं नाव इतक्या वर्षांत बदललं नाही, त्याचा अंदाज मात्र रोज बदलतो, हा आमच्या कट्ट्यावरचा शिळा विनोद. त्या वेळी तो विनोद कामाला आला नाही. अंदाज बदलेचना. दिवस तोच, दुपार तीच, मार्ग साधारण तोच. खात्याने अशी गैरसोय केल्यावर तयारी करणं भाग पडलं.

आणि तयारीच म्हणाल तर आमच्याइतका तयार मुलूख महाराष्ट्रात दुसरा नसेल. देहूरोडला दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लष्कराचे डेपो. दापोडीला सीएमई, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं कॉलेज. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आणि बॉम्बे सॅपर्स. दिघीला संरक्षण संशोधनवाले. तळेगावला सीआरपीएफ. आणि तळेगाव-चाकणच्या मध्ये, संताजी जगनाडे महाराजांच्या सुदुंबऱ्यात, एनडीआरएफची, म्हणजे आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन. रिक्षावाल्यांच्या लेखी हे सगळं एकच: 'मिलिटरी'. एनडीआरएफ गृहखात्याखाली येतं, इथले जवान सीआरपीएफचे असतात, हे तुम्ही त्याला समजावेपर्यंत तो मीटर पाडतो. माझं म्हणणं, रिक्षावाल्याचं बरोबर आहे. गणवेश आहे, गेटवर नाव लिहून घेतात, आत शिरताच गवत एका उंचीचं दिसतं. मिलिटरीच.

देहूरोडकरांना तर रेड झोन करोनाने शिकवायची गरजच नव्हती. दारूगोळा डेपोच्या हद्दीपासून २,००० यार्डांपर्यंत बांधकामाला मनाई, हा रेड झोन त्यांनी वर्षानुवर्षं भोगलेला. निवडणूक आली की तो उठतो आणि निकाल लागला की परत बसतो. मग करोनाचा रेड झोन आला. मग वेधशाळेने कोकणाला रेड अलर्ट दिला. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी तिन्ही एकत्र करून असा निष्कर्ष काढला की डेपोतच काहीतरी झालंय आणि सरकार सांगत नाहीये.

खरी गंमत सुदुंबऱ्याची. वादळ आलं की धावून जायचं, हेच ज्यांचं काम, त्यांच्या गाड्या रबरी बोटी, दोर, झाडं कापायच्या चेनसॉ आणि नारिंगी डांगऱ्यांसह दोन तारखेच्या आत घाट उतरून गेल्या होत्या. बरोबरच आहे, धोका किनाऱ्याला होता. २०१४ च्या जुलैत माळीणवर डोंगर कोसळला तेव्हा हेच लोक गेले होते, पूर आला की हेच जातात. पण आता नकाशा बघा. फौज रायगडात समुद्राकडे तोंड करून उभी, आणि वादळाचा मार्ग तिच्या डोक्यावरून थेट तिच्याच घरी. दलाचं ब्रीद आहे 'आपदा सेवा सदैव सर्वत्र'. त्या सर्वत्रमध्ये स्वतःचं घर बसत नाही, एवढं लग्नाआधी कुणी सांगत नाही.

मग मागे राहिलेल्या घरांनी काय तयारी केली? इथे मी थोडा थांबतो, कारण सबंध पट्ट्यात खरी तयारी कुठे पाहिली असेन तर या घरांत.

फौजी घरातली काळी पेटी जवळून बघा कधी. पत्र्याची, दोन कड्यांची, कोपरे चेपलेली. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव, खाली युनिट. तिरक्या उजेडात पाहिलं की त्या अक्षरांखाली आधीच्या युनिटची अक्षरं फुगलेली दिसतात, त्याखाली त्याच्याही आधीची. पोस्टिंग आलं की एक हात काळा मारायचा, वर नवं पांढरं. आत तळाला रजया, मग स्वेटर, मग लग्नातला शालू, आणि सगळ्यात वर, हात घातला की सापडेल असं, दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं कागदपत्रांचं पुडकं: नोकरीचे कागद, मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचं पुस्तक, लसीकरणाचं कार्ड. महत्त्वाची कागदपत्रं पाणी लागणार नाही अशा पिशवीत ठेवा, असं प्रशासन तीन जूनच्या आदल्या दिवशी सांगत होतं. या बायकांनी ती पिशवी पहिल्या बदलीपासून बांधलेली.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत, कराडकडच्या. नवरा तुकडीबरोबर खाली गेलेला. माझ्या बायकोने त्यांना काळजीने फोन केला, "वहिनी, तयारी झाली का?"

"कसली?"

"अहो, वादळाची!"

"ती असतीच की. पंखा आणि ट्यूबलाइट सरकारी आहेत, ते सोडून सगळं पेटीत जातं. अर्ध्या तासाचं काम. तुमचं काय?"

आमचं काय, याला उत्तर नव्हतं. आमच्या माळ्यावर तीन मिक्सरचे रिकामे खोके, एक पाळणा आणि सासूबाईंचं जातं आहे. अर्ध्या तासात आमचा फक्त माळ्यावर कोण चढणार, याचा वाद होतो. बाकी वहिनींच्या दृष्टीने वादळ आणि बदली यांत फरक एवढाच की बदलीला मूव्हमेंट ऑर्डर येते, रेल्वेचं वॉरंट मिळतं, आणि पोचायला चार दिवस देतात. वादळ यातलं काहीच देत नाही.

सोसायटीकडे मात्र होते सुभेदारसाहेब. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याचे, ज्या गावाच्या नावापुढे सरकारी कागदावरही 'मिलिटरी' लागतं. निवृत्त होऊन बारा-पंधरा वर्षं झाली, पण बागेतल्या बाकावर बसतानासुद्धा आधी सावधान होतात. एरवी त्यांच्या वाट्याला पंधरा ऑगस्टचा झेंडा आणि पार्किंगमधली भांडणं. दोन जूनच्या सकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर सूचना टाकली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या दुपारी चक्रीवादळ येणार असून सभासदांनी सहकार्य करावे.' सहकार्य समितीला करायचं की वादळाला, यावर चाळीस मेसेज पडले. तेवढ्यात सुभेदारसाहेबांनी खाली येऊन शिट्टी वाजवली.

पार्किंगमध्ये फॉल-इन. करोनामुळे अंतर ठेवायचं होतं; साहेबांना त्यासाठी नवं काही शिकावं लागलं नाही. "खुली लाइन चल!" म्हणाले, आणि सगळं आयुष्य आयटीत गेलेली माणसं एक-एक हात मागेपुढे सरकली. मग कामं वाटली. गच्चीवरच्या साबुदाण्याच्या पापड्या, तुटक्या खुर्च्या, डिशच्या छत्र्या, सोलरच्या पट्ट्यांखाली कुणीतरी लपवलेले पत्र्याचे तुकडे, सगळं खाली. "सुटी वस्तू म्हणजे शत्रूची गोळी," साहेब म्हणाले. चांगलं वाक्य आहे, आणि खरंही. वाऱ्यात माणूस वाऱ्याने जखमी होत नाही, शेजाऱ्याच्या कुंडीने होतो.

कुंड्यांवर गाडी अडली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत जास्वंदीपासून कढीपत्त्यापर्यंत एक अख्खी रोपवाटिका कठड्यावर लोखंडी रिंगांत टांगलेली. साहेबांनी खालून आवाज दिला, "ताई, कुंड्या आत घ्या!"

"आत कुठे घेऊ? हॉलमध्ये ह्यांचं वर्क फ्रॉम होम आहे."

"मग साहेबांना बाल्कनीत द्या आणि कुंड्या हॉलमध्ये घ्या."

हा पर्याय काकूंनी नाकारला नाही, विचारात घेतला. त्यांच्या यजमानांनी ते ऐकलं आणि पुढच्या वीस मिनिटांत सगळ्या कुंड्या एकट्याने आत नेल्या. लष्करात याला काय म्हणतात ठाऊक नाही, पण जमलं.

अमेरिकेत म्हणे विमानदलाच्या तळांवर याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: वादळी वारे बहात्तर तासांवर आले की अमुक, अठ्ठेचाळीसवर तमुक, चोवीस, बारा, मग बिगूल वाजल्यासारखी कुटुंबं गाड्यांत सामान भरून निघतात. २०१८ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या टिंडल तळावर मायकेल नावाचं वादळ थेट आदळलं. कुटुंबं हलवली होती, विमानंही दुसऱ्या तळांवर उडवून नेली होती. पण जगातली सर्वांत महागड्यांपैकी काही एफ-२२ विमानं नादुरुस्त होती, उडेनात, म्हणून ती हँगरातच ठेवावी लागली, आणि छप्पर त्यांच्यावर आलं. ही हकीकत मी सुभेदारसाहेबांना सांगितली. त्यांनी आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यातल्या तीन बंद स्कूटरांकडे बोट दाखवलं. मालकांपैकी दोघे पुण्यात राहत नाहीत, तिसरा त्यांना ओळखच देत नाही. "यांना बांधा," साहेब म्हणाले. नायलॉनच्या दोरीने त्या खांबाला बांधल्या. अजून तशाच आहेत.

चाकणच्या कारखान्यांची तऱ्हा वेगळी. तिथे प्रत्येक गोष्टीला कार्यपद्धती असते, तिला नंबर असतो, आणि नंबराला सुधारित आवृत्ती असते. टाळेबंदीनंतर निम्म्या माणसांवर नुकत्याच शिफ्टा सुरू झाल्या होत्या. माझा एक मित्र एका सुट्या भागांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आणीबाणीची फाइल त्याने उघडली: आग, गॅसगळती, ॲसिड सांडणं, भूकंप, बॉम्बची अफवा. वारा नाही. तेव्हा त्याने आगीचंच पान घेतलं आणि आग खोडून वादळ लिहिलं. बाकी सगळं जुळलं, एक गोष्ट सोडून. धोक्याची घंटा वाजली की सर्वांनी इमारतीबाहेर पडून असेंब्ली पॉइंटवर जमायचं. असेंब्ली पॉइंट म्हणजे कुठल्याही कंपनीत हिरवी पाटी, चार बाण आणि सावलीसाठी जवळ एक झाड. यांच्याकडे गुलमोहर. जूनच्या सुरुवातीला पेटल्यासारखा फुललेला. म्हणजे कार्यपद्धतीनुसार दोनशे माणसं सुरक्षित शेडमधून काढून, ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याची बातमी असताना, गुलमोहराखाली उभी करायची! महाराष्ट्रात वाऱ्याने सगळ्यात आधी काय पडत असेल तर गुलमोहर. फांदी ठिसूळ, मुळं उथळ. मित्राने दोन तारखेला दुसऱ्या दिवशीची सुट्टीच जाहीर करायची शिफारस केली. वरून विचारणा झाली, बुधवारीच का? गुरुवारी तसंही वीज जाते.

हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, आणि दुरुस्तीसाठी महावितरणही त्याच दिवशी वीज बंद ठेवतं. वादळ तीन जूनला, बुधवारी आलं. एक दिवस कळ काढली असती तर निम्म्या लोकांना पत्ताही लागला नसता.

प्रशासनाच्या बाकीच्या सूचनाही आम्हाला जरा उशिराच्या वाटल्या. घराबाहेर पडू नका: मार्चपासून पडलो नव्हतो. पाणी साठवून ठेवा: आदल्या नोव्हेंबरपासून महापालिका एक दिवसाआड पाणी देत होती, बाथरूममधल्या पिंपांना आंघोळ करायला जागा उरली नव्हती. किराणा भरून ठेवा: दोन महिन्यांची तूरडाळ शिल्लक होती. मोबाइल चार्ज ठेवा: तो कधी सुटलाय हातातून? एका अर्थाने पिंपरी-चिंचवड हे वादळापूर्वीच वादळोत्तर शहर झालं होतं.

भोसरीच्या आणि तळवड्याच्या छोट्या शेडवाल्यांची तयारी मात्र खरी होती. तिथे छप्पर म्हणजे पत्रा, आणि पत्रा म्हणजे जे-बोल्ट. वायसर कुजला की बोल्ट हलतो, बोल्ट हलला की पत्रा वाजतो, आणि वाजणारा पत्रा एका रात्रीत उडतो, हे तिथला पोऱ्याही सांगेल. दिवसभर शिडी लावून बोल्ट आवळणं चाललं होतं. ज्यांना बोल्ट मिळाले नाहीत त्यांनी पत्र्यावर दगड ठेवले. हा उपाय मला कधीच पटला नाही. आधी फक्त पत्रा उडणार होता, आता दगडही.

आणि वर सगळ्यांचं आवडतं अस्त्र: जुना फ्लेक्स. या पट्ट्यात वाढदिवस इतके होतात की फ्लेक्सचा तुटवडा पडत नाही. खेडच्या बाजूला कांद्याच्या बराखी झाकायला ताडपत्री कमी पडली तेव्हा भावी आमदार, युवा हृदयसम्राट आणि कार्यसम्राट असे सगळे सम्राट कांद्यावर उताणे झोपवले गेले. एका बराखीवर तर एका कार्यसम्राटाचे जोडलेले हात बरोबर फटीवर आले होते. चाकणच्या बाजारात कांद्याला भाव असो नसो, त्या दिवशी नेतृत्वाने शेतकऱ्याला खरंच झाकलं. फ्लेक्स जमिनीवर बांधलेला असला की उपयोगी, उंच लोखंडी सांगाड्यावर असला की जीवघेणा. २०२३ च्या एप्रिलमध्ये किवळ्याला वाऱ्यात असा एक सांगाडा पडून पाच माणसं गेली. त्या विषयात मला विनोद सापडत नाही.

तीन तारखेला ते आलं. श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूला दुपारी किनाऱ्याला लागलं, घाट चढताना बरंच दमलं, तरी आमच्याकडे झाडं झोपवायला पुरून उरलं. मावळातली गुलाबाची पॉलिहाउसं फाटली, विजेचे खांब वाकले, खेड तालुक्यात घराची भिंत पडून एका वृद्धेचा जीव गेला. कोकणात तर नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. आमच्या सोसायटीत एक सोलरची टाकी कलंडली आणि मित्राच्या कंपनीतला गुलमोहर असेंब्ली पॉइंटच्या पाटीसकट पडला. पाटीवरचे बाण आता चार दिशांऐवजी एकाच दिशेला, गटाराकडे. मित्राने फोटो काढून फाइलला लावला आणि कार्यपद्धतीची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात वारा आहे.

सुभेदारसाहेबांनी संध्याकाळी परत फॉल-इन घेतली, माणसं मोजली, एक कमी भरला. तो वरती कुंड्या परत बाल्कनीत लावत होता.

पाच तारखेला वटपौर्णिमा. दरवर्षी वडाला गर्दी असते. त्या वर्षी करोनाची गर्दीबंदी, आणि वर काही ठिकाणी वडच आडवे. बायकांनी फांदी कुंडीत खोचून घरातच सूत गुंडाळलं. कराडच्या वहिनींना फांदी सहज मिळाली, दारात पडलेलीच होती. पूजा झाली आणि त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तिकडे रायगडात रस्त्यावरची झाडं कापायचं काम अजून चालू होतं. मागे चेनसॉचा आवाज इतका की त्या ओरडूनच बोलत होत्या, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"अहो, आज वड कापू नका हं!"

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"मग दुसऱ्याला सांगा ना कापायला. ज्याचं लग्न झालं नाही असा असंल की कुणी तुमच्यात!"

परत उत्तर.

"बरं, रस्त्यातच आहे म्हणता तर काय... पण आधी नमस्कार करा, आणि हेल्मेट काढू नका. नमस्काराला पण नाही."